रेघ आणि फराटा

हिंटरमोस गावच्या पालिकेत बांधकामाचे परवाने देणारे वेंडेलिन राग्ल वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी स्वतःला खोऱ्यातले शेवटचे खरे कार्व्हर, म्हणजे बोर्डाच्या कडेने बर्फ कापत उतरणारे, समजत. तळघरात त्यांचे बर्फावरून उतरायचे अकरा बोर्ड होते, अकराही जुने, कुणी ना कुणी वापरून टाकलेले. नव्या बोर्डाला ते हात लावत नसत. "नव्यात जीव नसतो," असं ते म्हणत. "आणि जुन्यांमुळे घरात जागा नसते," असं त्यांची बायको रोझविटा म्हणे, कारण तिच्या जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्या दोन वर्षं जिन्यात पडून होत्या.

हा बोर्ड म्हणजे पर्यटकांचा रुंद, लवचिक बोर्ड नव्हे. हा अरुंद आणि ताठ, त्यावर कडक प्लास्टिकचे बूट घालून एक पाय पुढे, एक मागे असं उभं राहायचं आणि वळताना बोर्ड पूर्ण कडेवर टाकायचा. जमलं तर बर्फात बारीक कातीव रेघ उठते. नाही जमलं तर बोर्ड घसरतो आणि मागे फराटा राहतो. राग्लसाहेबांचा फराटा राहत असे. पण बोलायला लागले की कडेचा कोन, बोर्डाचा ताठपणा, वळणाची त्रिज्या, काही विचारू नका.

खरे कार्व्हर वळणात इतके आडवे होतात की त्यांचं जॅकेट कमरेपाशी झिजतं. साहेबांचं झिजेना. शेवटी एका रविवारी त्यांनी गॅरेजमध्ये बसून जॅकेटच्या डाव्या अंगाला पॉलिश पेपर घासला. रोझविटा दारात उभी राहून बघत होती. तिने एवढंच विचारलं, "उजवी बाजू मी करून देऊ का?"

ऑक्टोबरमध्ये अग्निशमन दलाच्या शेडमध्ये जुन्या सामानाचा बाजार भरतो. बंब बाहेर काढतात, टेबलं आत मांडतात. विकणारा आपल्या वस्तूला नंबराची चिठ्ठी लावून घरी जातो, नाव कुणाचंच लावत नाहीत. टेबलावर डोंगरावरच्या खुर्च्यांच्या लिफ्टवर काम करणारा क्वीरिन बसला होता. साहेबांनी सदतीस नंबरचा बोर्ड उचलला, एक डोळा मिटून त्याच्या लांबीवरून नजर फिरवली, कडेवर नख घासलं.

"रेसरचा आहे हा," साहेबांनी जाहीर केलं. "कारखान्याच्या संघातला. शेपटी बघा कशी तिरकी कापलीय."

"तिरकी आहे खरी," क्वीरिन म्हणाला.

तिरकी असण्याचं कारण वेगळं होतं. तीसेक वर्षांपूर्वी काही बोर्ड जोड्यासारखे डावे-उजवे निघत. हा उजवा पाय पुढे ठेवणाऱ्यांसाठी होता आणि साहेब जन्मापासून डावा पाय पुढे ठेवत. क्वीरिनने सांगायला तोंड उघडलंही, पण एव्हाना साहेब भोवतीच्या चार लोकांना ताठपणावर व्याख्यान देऊ लागले होते. आमच्याकडे सरकारी माणसाचं बोलणं कुणी तोडत नाही, त्यातून फुकट करमणूक होत असेल तर मुळीच नाही.

डिसेंबरात डोंगरावर नवं पंपघर झालं. त्याच्या छपरावर बर्फाचा भार किती पडतो हे रोज तपासणं निकडीचं आहे, असं साहेबांनी स्वतःच स्वतःला लेखी कळवलं. त्यामुळे कामगारांच्या पावणेआठच्या लिफ्टमध्ये त्यांना जागा मिळाली. वर गेल्यावर ते छप्पर तपासत, म्हणजे एकदा मान वर करत, आणि यंत्राने विंचरून ठेवलेल्या रिकाम्या उतारावरून खाली येत.

साडेआठला लोकांसाठी लिफ्ट सुरू झाली की खुर्चीतून सगळा उतार पायाखाली दिसे. त्यावर दोन खुणा असत. एक रेघ, वरपासून खालपर्यंत, वळणामागून वळण, कुठेही न फाटलेली. शेजारी फावड्याने खरवडल्यासारखा फराटा.

"वेंडेलिन, ही रेघ कुणाची रे?" क्वीरिनने एकदा शेजारच्या खुर्चीतून विचारलं.

साहेबांनी हातमोज्याकडे पाहिलं. "सकाळी जरा लवकर आलो होतो."

"अस्सं! आणि तो फराटा?"

"बुर्गीचा असेल. पाव आणायला उतरते ना बिचारी. या वयात जमतं तेच खूप."

क्वीरिन "हं" म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

बुर्गी, म्हणजे नोटबुर्गा थालर, वरच्या खानावळीत स्वयंपाक करी. सहासष्ट वर्षांची. खानावळीतच राही आणि रोज सव्वासातला पाठीवर पिशवी टाकून बोर्डावरून लिफ्टच्या मधल्या स्टेशनापर्यंत उतरे, ताजे पाव घेई, सामानाच्या लिफ्टने परत येई. रेघ तिची होती. फराटा कुणाचा हे सांगायला नको.

आता आमच्याकडची एक रीत. हजार मीटरच्या वर कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही. खाली गावात न्यायाधीश तुम्ही, डॉक्टर तुम्ही, नळ दुरुस्त करणाराही तुम्ही. वर सगळे तू. वर कुणी 'तुम्ही' म्हटलं तर समजावं की एक तर आपण पाहुणे आहोत, नाही तर नजरेतून उतरलो आहोत.

खुर्चीतल्या त्या गप्पांच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बुर्गीने साहेबांपुढे सूपाचा वाडगा ठेवला. "घ्या, राग्लसाहेब. मीठ लागलं तर सांगा तुम्ही."

खानावळीतले चमचे थांबले.

पहिले दोन दिवस साहेबांना वाटलं, चला, कुणाला तरी आपल्या हुद्द्याची जाण आहे. तिसऱ्या दिवशी बुर्गी शेजारच्या ट्रकवाल्याला म्हणाली, "अरे गाढवा, दार लाव!" आणि लगेच वळून साहेबांना म्हणाली, "तुम्हाला वारा लागत नाही ना?" तेव्हा कुठे साहेबांना त्या 'तुम्ही'चा अर्थ कळला.

जानेवारीत बोर्ड-क्लबने पत्रक लावलं. फाशिंगच्या शनिवारी, म्हणजे अख्खं खोरं सोंगं घेऊन फिरतं त्या दिवशी, लिफ्टखालच्या उतारावर प्रात्यक्षिक: 'वेंडेलिनची रेघ'. साहेबांनी छाती फुगवून होकार दिला. त्याच आठवड्यात कळलं की बुर्गी खुब्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात जाणार, फाशिंगच्या दहा दिवस आधी. रेघ काढणारी गेली की रेघही जाणार, आणि शनिवारी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उतारावर एकटा फराटा उरणार. साहेबांची झोप उडाली. जे नाव त्यांनी फुकटात मिळवलं होतं ते एका सकाळीत धुळीला मिळणार होतं.

ते स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. "बुर्गी, मला शिकव."

"काय शिकवू, साहेब? बटाटे सोलायला?"

"रेघ."

"रेघ तर तुमचीच आहे म्हणे."

साहेब कानापर्यंत लाल झाले. "माझी नाही. फराटा माझा."

"ते मला माहीत आहे. मी तो रोज खिडकीतून बघते. लोकांना कधी सांगणार?"

"सांगेन. शनिवारनंतर."

बुर्गी एवढी हसली की तिला खुबा धरून बसावं लागलं. "शिकवते. पण 'तू' म्हणणार नाही. ते सांगितल्यावर."

दुसऱ्या दिवशी उतारावर तिने आधी बोर्ड पाहिला. "हा कुठून आणलात?"

"बाजारातून. रेसरचा आहे."

"माझा आहे. सदतीस नंबर. आणि उजव्या पायाचा आहे. दोन महिने उलटे जोडे घालून हिंडताय, साहेब, आणि कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

कुणी सांगितलं नव्हतं. तळघरातला सगळ्यात साधा, सगळ्यात कमी कौतुकाचा बोर्ड घेऊन साहेब परत आले. दोन वळणं झाल्यावर बुर्गीने काठी उगारून थांबवलं.

"वाकता कशाला?"

"हात बर्फाला टेकायला पाहिजे ना. सगळ्यांचा टेकतो."

"त्यांचा टेकतो. तुम्ही टेकवता. किल्ली पडलीय का तुमची?"

मग तिने आपली पावाची पिशवी साहेबांच्या पाठीवर चढवली. तोंड उघडं, आत चाळीस शिळे पाव. तिच्या बापाची बेकरी होती आणि त्याने तिला असंच शिकवलं होतं. "कमरेतून वाकलात की पाव पडणार. गुडघ्यांतून बसा, छाती वर. आणि त्या टोकाकडे बघू नका, ते बोर्डालाच चिकटलेलं आहे. पुढच्या वळणाकडे बघा."

पहिल्या दिवशी एकतीस पाव साहेबांच्या आधी मधल्या स्टेशनवर पोहोचले. शिळ्या पावाचे एरवी सूपात सोडायला गोळे होतात, त्यामुळे त्या दिवशी खानावळीत गोळे नव्हते. कुणी कारण विचारलं की बुर्गी पळी साहेबांकडे रोखी. आठवडाभर गिऱ्हाइकं नुसतं सूप पीत होती आणि साहेब मान खाली घालून नुसतं सूप पीत होते. मग पडणारे पाव वीसवर आले, बारावर आले. एकदा पाचच पडले तेव्हा साहेबांनी वळून बुर्गीकडे असं पाहिलं की सहावाही पडला.

जाण्याच्या दिवशी बुर्गीने पिशवी त्यांच्या हातात दिली. "रोज सव्वासातला पाव आणायचे तुम्ही. शिकवणीचे पैसे मी घेत नाही."

साहेबांनी रोज पहाटे सामानाच्या लिफ्टने वर जाऊन पाव आणले. नगरपालिकेचा अधिकारी दहा दिवस शिळ्या पावांची पिशवी पाठीवर टाकून उतरत होता. पंपघराच्या छपराकडे त्यांनी या दिवसांत एकदाही पाहिलं नाही आणि ते छप्पर, आश्चर्य म्हणजे, पडलंही नाही.

फाशिंगच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, रात्रीच्या थंडीने बर्फ घट्ट झाला होता. उतारावर कुणी नव्हतं. साहेब गुडघ्यांतून बसले, पुढच्या वळणाकडे पाहिलं आणि बोर्ड कडेवर टाकला. कड घसरली नाही, तिने बर्फ धरला. बोर्ड त्यांना स्वतःच ओढून वळणातून बाहेर घेऊन आला. दुसरं वळणही तसंच. तिसऱ्याला त्यांच्या मनात आलं, हे कुणी बघतंय का? आणि त्यांनी लिफ्टच्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. शेपटी हातभर सरकली. "मूर्खा!" ते स्वतःलाच मोठ्याने म्हणाले आणि पुन्हा पुढे बघू लागले. त्यानंतर खालपर्यंत एकही वळण फाटलं नाही.

खाली थांबून त्यांनी वर पाहिलं. एकच रेघ होती. पिशवीतल्या शिळ्या पावांपैकी एकही पडला नव्हता. साहेबांचे डोळे भरून आले. आपण इतके आनंदात याआधी कधी होतो हे त्यांना आठवेना.

पाव पोहोचवून ते मागच्या उताराने खाली आले, रेघेला धक्का लागू नये म्हणून. साडेआठला क्वीरिनच्या शेजारी खुर्चीत बसले. वाक्य तयार होतं: सकाळी जरा लवकर आलो होतो. या खेपेला ते खरं होतं.

खुर्ची उतारावर आली आणि क्वीरिन ओरडला, "अरे वा! बुर्गी परत आली वाटतं!"

मागच्या खुर्चीतून आवाज आला, "आली रे आली! बघ तिची रेघ!"

"बुर्गीची?" साहेबांच्या तोंडून निघालं.

"मग कुणाची? बावीस वर्षं बघतोय आम्ही."

"पण मी म्हणालो होतो..."

"तू म्हणालास आणि आम्ही ऐकून घेतलं. फाशिंगला काहीतरी कार्यक्रम नको का?" क्वीरिनने त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. "उद्या बँड सांगितलाय. फराट्यावर वाजवायला."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. डिसेंबरपासून, पहिल्या दिवसापासून. पत्रक, होकार, पाठीवरची थाप, सगळं सोंग होतं आणि सोंगाच्या आत साहेब एकटेच खरे बसले होते. खाली त्यांची आयुष्यातली पहिली रेघ उन्हात चमकत होती. ती माझी आहे असं म्हटलं असतं तर मागच्या खुर्चीतले हसून खाली पडले असते.

"तिचीच आहे," साहेब म्हणाले. "फराटे माझे होते. डिसेंबरपासूनचे सगळे."

दोन खांब मागे गेले. मग क्वीरिनने आपल्या बाटलीतला चहा पुढे केला.

संध्याकाळी साहेब इस्पितळात गेले. इस्पितळ खाली शहरात, समुद्रसपाटीपासून पाचशे सत्तर मीटरवर. बुर्गी उशांना टेकून बसली होती.

"क्वीरिनचा फोन आला होता," ती म्हणाली. "मी डोंगरावर आहे म्हणे."

"लोकांना तसं वाटतंय, थालरबाई."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"रेघ तुमची. फराटे माझे."

"शनिवारच्या आधीच सांगितलंत?" तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "क्वीरिन म्हणाला, ऑपरेशनमुळे बिघडली असेल, तिसऱ्या वळणावर हातभर सरकलीय. मी त्या वळणावर कधी सरकले नाही." ती उशांवरून जरा पुढे झाली. "पाव किती पडले?"

"एकही नाही."

नर्स दारात आली. "राग्लसाहेब, भेटायची वेळ संपली. तुम्ही आता निघा."

"थांब गं, तो बसतोय," बुर्गी म्हणाली आणि खुर्चीकडे बोट केलं. "बस रे, वेंडेलिन. आणि आधी मला सांग, तिसऱ्या वळणावर कुठे बघत होतास तू?"