हक्कसोडीची साडी

केंदूरच्या धुरपदानं कथासंग्रह लिहिला, त्याचं गावाला काही वाटलं नाही. तिनं तो फेसबुकवर स्वतः तोंड उघडून विकायला काढला, तेव्हा मात्र पारावर कुजबुज सुरू झाली. प्रकाशकानं पुस्तकांचे गठ्ठे घरी धाडून हात झटकले होते. मग बाईनं काय करावं, गठ्ठ्यांवर गोधड्या टाकून बसावं? शेवंतीची तोडणी उरकली की दुपारी ती शेडमध्ये यायची, क्रेटला मोबाईल टेकवायची आणि लाईव्ह येऊन एक कथा निम्मी वाचायची. "पुढचं पुस्तकात हाय," म्हणून खुशाल बंद करायची. लोक चरफडत पुस्तक मागवायचे.

एके दिवशी तिनं जाहीर केलं, "उद्या हक्कसोडीची गोष्ट. आन् ती निम्मी न्हाई, सगळी वाचणार."

झालं! पुस्तकात छापलेल्या त्या गोष्टीत एक भाऊ बहिणीला गाडीत बसवून तालुक्याच्या कचेरीत नेतो, वडिलांच्या जमिनीतला तिचा वाटा सही घेऊन तिला सोडायला लावतो आणि येताना तिला साडी घेऊन देतो. ना कुणाचं नाव, ना गाव. तरी केंदुरातल्या निम्म्या भावांना ती आपल्याच घरची वाटली. एकानं तर धुरपदाच्या नवऱ्याला, सोपानरावांना गाठून विचारलं, "आमच्या घरातलं हिला कुणी सांगितलं?"

"कुणीच न्हाई," सोपानराव म्हणाले. "आत्ता तुम्हीच सांगितलं."

संध्याकाळी पाटसहून तिच्या थोरल्या भावाचा, जयसिंगचा फोन आला. ती गोष्ट आपली वाटण्याचा हक्क खरा त्याचाच होता.

"धुरपे, ती गोष्ट वाचायची न्हाई. वाचलीस तर माहेर बंद समज."

"दादा, तुझं नाव घेतलंय का मी?"

"नाव कशाला पायजे? साडीचा रंग लिवलायस की!"

फोन ठेवून धुरपदा हमसून रडली. वडील शंकरराव गेले, मागोमाग आई गेली. दिवाळीला जायला तेवढं एकच दार उरलं होतं. मग रडता रडता तिला स्वतःचाच राग आला. तिनं जमीन परत मागितली नव्हती, कोर्टात गेली नव्हती. घडलं ते सांगायचीसुद्धा चोरी?

दुसऱ्या दिवशी तिनं पेटीच्या तळातून दौंडहून येताना दादानं घेऊन दिलेली ती मोरपंखी साडी काढली. आजवर अंगाला लावली नव्हती. ती नेसून ती क्रेटसमोर बसली आणि म्हणाली, "रंग नीट दिसतोय ना सगळ्यांना?" शेवटच्या ओळीपर्यंत ती थांबली नाही. खाली कमेंटा पडत होत्या. 'माझी आंबा कलरची होती.' 'मला तर साडीबी न्हाई, भेळ खाऊ घातली.' वाचून धुरपदाला हसू आलं आणि डोळेही भरले.

जयसिंगनं बोलल्याप्रमाणे केलं. तिचा नंबर ब्लॉक करून टाकला. तिनं दोनदा लावून पाहिला, मग नाद सोडला.

त्याच आठवड्यात पुस्तकाच्या मागण्यांत पाटसचा एक मेसेज आला. जयसिंगच्या बायकोचा, सुवर्णावहिनींचा. 'वन्सं, एक पुस्तक पाठवा. माझ्याबी माहेरी माझी सही झालीय. पत्ता घरचाच टाका. पार्सल ह्यांच्या हातात पडलं तर पडू द्या.'

धुरपदानं पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानावर सही केली. दौंडच्या कचेरीत भावानं बोट ठेवलं तिथं मान खाली घालून केली होती. ही चांगली पानभर केली. पाकिटावर वहिनींचं नाव घातलं, खाली जयसिंगच्या घराचा पत्ता. पाठवणाऱ्याच्या जागी मात्र तिनं सासरचं नाव लिहिलं नाही. ठळक अक्षरांत लिहिलं, धुरपदा शंकरराव. बापाचं नाव काही तिनं कुठल्या कागदावर सोडून दिलं नव्हतं.