रुमालाखालचा हात

रंभाजीभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. त्यांच्या सूनबाईनं एवढंच सांगितलं, "आत्या, तात्या गेले. झोपेतच." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून संपवली. सारा जन्म नर्सची नोकरी केलेल्या बाईला रडू जरा उशिरानं येतं… मला ते दहाव्याला आलं, आणि मग काही केल्या आवरेना.

ते माझ्या रक्ताचे कुणी नव्हते. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात ते बैलांची दलाली करायचे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात, मेंदूच्या ऑपरेशन थिएटरात नर्स होते. मूळची नगर जिल्ह्यातल्या बेलापूरची, म्हणजे त्यांच्याच भागातली. ऑपरेशनच्या रोग्यांना आधी भेटायला वॉर्डात गेले, माझ्या तोंडून एक वाक्य निघालं आणि खाटेवरच्या या माणसानं मान उचलली, "बाई, तुमी आमच्याकडच्या दिसता." झालं, तेव्हापासून वॉर्डात दुसऱ्या कुणाच्या हातून ते पाणीसुद्धा घेईनात. लहानपणापासून त्यांना फेफरं यायचं. आधी पोटातून गोळा वर चढायचा, मग शुद्ध जायची. औषधं झाली, अंगारेधुपारे झाले. भर बाजारात पडले की लोक लांबूनच चप्पल हुंगवायचे. शिवलं तर आजार आपल्याला लागेल, ही भीती. आणि यांचा धंदा तर सगळा हातावरचा. आमच्याकडच्या बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात धरतात आणि बोटं दाबून आकडा ठरवतात. "मरनाचं भ्या न्हाई वो," ते मला म्हणाले, "पर माझ्या रुमालाखाली आता कुनी हातच घालंना. मग म्या दलाल कशाचा?" हे सांगताना मात्र त्यांचे डोळे भरून आले होते.

त्या काळी आजच्यासारखं स्कॅन नव्हतं. फेफरं मेंदूत नेमकं कुठून उठतं हे शोधायला कवटीला छोटं भोक पाडून बारीक तारा आत खोलवर सोडायच्या, आणि तार कुठवर पोचली हे टेबलावरच एक्स-रे काढून बघायचं. मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरायची, म्हणजे त्या फोटोत काळ्या उमटतात आणि त्यांच्यावरून जागा मोजता येते. त्या हवेनं डोकं असं फुटायला लागतं की भले भले ओरडतात. आणि हे सगळं रोगी जागा असताना, डोक्याला लोखंडी चौकट स्क्रूनं आवळून. फोटो घेताना तसूभरही हलायचं नाही. रंभाजीभाऊ ओकले, घामानं निथळले, पण "हलू नका" म्हटलं की दगड. फोटो धुऊन यायला वेळ लागायचा, तेवढ्यात मला हळूच विचारायचे, "ताई, माझ्या डोस्क्यात काय दिसलं का? का रिकामंच हाय?" असला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

तार जागेवर गेल्यावर डॉक्टरांनी तिच्यातून अगदी हलका विजेचा प्रवाह सोडला. हिरव्या चादरीखाली एका तरुण डॉक्टरनं भाऊंचा हात धरला होता, पकड ढिली पडते का ते बघायला. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "काय वाटतंय?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. इकडे तरुण डॉक्टर घाबरला, "सर, पकड गेली. दोनच बोटं लागतायत." वाचा गेली, हात गेला, म्हणजे तार भलतीकडे घुसली. सगळ्यांचे चेहरे उतरले. घाईनं पुन्हा फोटो काढला, तर तार जिथं हवी तिथंच. फोटो एक सांगतोय आणि हात दुसरंच. डॉक्टर म्हणाले, "काढून घेऊ या, नको जोखीम." तार काढली असती तर पुन्हा घालायला तो माणूस टेबलावर आला नसता, हे मला ठाऊक होतं. मी चादरीखाली हात घातला. माझी दोन बोटं दाबली गेली, मग तीन, मग चार… ढिलेपणा कुठला, चांगली जोरात. मी वाकून विचारलं, "भाऊ, व्यवहार करताय का?" ते पुटपुटले, "व्हय. गोळा येतोय वर. चार बोटं आलाय." "मग तोंडानं सांगा की." तर मलाच उलट दटावलं, "कापडाखाली हात असल्यावर बोलत्यात व्हय?"

मी डॉक्टरांना सगळं समजावलं. ते एवढे हसले की त्यांना टेबलापासून बाजूला व्हावं लागलं. प्रवाह सोडला की नेहमीचाच गोळा उठतो, म्हणजे दुखण्याचं मूळ तिथंच कुठंतरी. पुढं काही दिवस त्या तारांवरून नोंदी घेतल्या, त्यांनीही तेच सांगितलं, आणि मग मोठं ऑपरेशन झालं. फेफरं साफ गेलं असं नाही. गोळ्या जन्मभर होत्या, पण वर्षा-दोन वर्षांतून एखादा झटका, तोही हलका.

बाजारानं मात्र लगेच जवळ केलं नाही. टाके झाकायला फेटा बांधून ते रुमाल घेऊन बसायचे आणि तसेच उठायचे. एकदा कोल्हारचा एक शेतकरी फेफरं येऊन पडला. नेहमीप्रमाणे कुणीतरी चप्पल काढली. भाऊंनी ती हिसकावून फेकली, त्याला कुशीवर वळवलं, रुमाल त्याच्या डोक्याखाली दिला आणि तो शुद्धीवर येईपर्यंत त्याचा हात धरून बसले. मग उभे राहून सगळ्यांना चांगलं झापलं, "मला शिवून कुनाला लागलंय का आजवर? लागलं आसंल तर पुढं या." कुणीच पुढं आलं नाही. हळूहळू त्यांच्या हातात हात पडू लागले. दरवर्षी भाऊबीजेला घरी यायचे आणि माझ्या यजमानांना सांगायचे, "ताईनं माझा भाव चार बोटांवरच तोडला, लई सस्तात गेलो." मी नुसती चिडायचे.

परवा दहाव्याला त्यांच्या घरी जाताना वाटेत बाजार लागला. गर्दीत एक बाई झटका येऊन पडली. मी धावले. जाईपर्यंत तिला कुशीवर वळवलेलं होतं, वाऱ्याला जागा मोकळी होती आणि अर्धा सौदा सोडून आलेला एक व्यापारी तिचा हात धरून बसला होता. मी म्हटलं, "सरका, मी नर्स आहे." त्यानं वर न बघताच सांगितलं, "आसू द्या मावशी. शुद्धीवर येईस्तोवर हात सोडायचा न्हाई. तात्यांनी सांगितलंय."