मावशीचा मसुदा आणि आजोबांची तीनचाकी

माझी मावशी कायद्याच्या खात्यात आहे म्हटलं की लोक जरा सावरून बसतात. प्रत्यक्षात ती कायदे करत नाही, त्यांची डागडुजी करते. वाहतूक, पार्किंग आणि सायकलींचे जुने नियम नव्या मोजमापात बसवायचे, रद्द झालेली कलमं वगळायची, हे तिचं काम. ते ती डोळ्यांत तेल घालून करते. मसुद्यात आकडा दिसला की टेप घेऊन मोजून बघते. कोपऱ्यापासून किती अंतरावर गाडी लावावी, या एका वाक्यासाठी तिने मला भर दुपारी चौकात टेपचं दुसरं टोक धरायला लावलं होतं. कॉलेजसाठी मी तिच्याकडे राहायचे, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

घरात तिसरे आजोबा, म्हणजे तिचे आणि माझ्या आईचे वडील. आजारपणानंतर त्यांना दोन चाकांवर तोल सांभाळता येईना, म्हणून तीन चाकांची सायकल घेतली. रोज सकाळी सायकल मार्गावरून ते बागेत मित्रांकडे जायचे आणि तासाभराने तोंडभर बातम्या घेऊन यायचे. त्या एका तासावर त्यांचा उरलेला दिवस चालायचा.

आणि नव्या मसुद्यात आलं : सायकल मार्गावर पंच्याहत्तर सेंटिमीटरपेक्षा रुंद सायकल चालणार नाही. मावशीने घरी येऊन आजोबांची सायकल मोजली. ब्याऐंशी भरली. म्हणजे आजोबांनी एकतर ट्रकांमधून वाट काढायची, नाहीतर घरी बसायचं. मावशीने टेप गुंडाळली आणि अळीमिळी गुपचिळी. मसुद्याचं काम करणाऱ्या माणसाने कुणालाही हरकत घ्यायला सुचवायचं नाही, असा खात्याचा नियम होता. तो तिने सख्ख्या बापालाही लावला. मला हे मागाहून कळलं. तेव्हाच कळतं तर मी कडाकडा भांडले असते.

मसुदा वर्तमानपत्रात आला. हरकतींसाठी पंधरा दिवस होते. वर्तमानपत्र घरात ठेवायला काही मनाई नव्हती. मावशीने नेमकं ते पान वर येईल अशी घडी घालून चहाशेजारी ठेवलं. आजोबांनी ते उलटून शब्दकोडं सोडवलं. मग तिने ते त्यांच्या चष्म्याखाली ठेवलं. त्यांनी त्यावर शेंगा सोलल्या. मावशीला जेवण गोड लागेना. चौदाव्या दिवशी तिने ते सायकलच्या टोपलीत अंथरलं.

"ही रद्दी माझ्या टोपलीत कोण कोंबतंय?" आजोबांनी ते माझ्या हातात दिलं. मी सहज वाचलं आणि विचारलं, "आजोबा, तुमची सायकल केवढी रुंद आहे हो?"

मावशी स्वयंपाकघरातून धावत आली आणि टेप पुढे धरली.

सगळं लक्षात आल्यावर आजोबा भडकले. "चौदा दिवस माझ्यासमोर बसून जेवतेस आणि एक शब्द नाही?"

"मला बोलता येत नाही, बाबा."

"मग टेप बरी देता येते!"

"टेप घरातली आहे."

दुसऱ्या दिवशी आजोबा अर्ज घेऊन तीनचाकीवरून मावशीच्या कचेरीत निघाले, सोबत मी. हरकतींचे अर्ज स्वीकारायला टेबलावर मावशीच होती. तिने मान वर न करता विचारलं, "नाव?"

"बापाचं नाव विचारतेस?"

"सगळ्यांनाच विचारते. अर्ज दोन प्रतींत लागतो. झेरॉक्सवाला खाली आहे, पाचला बंद करतो."

पाचला दहा कमी होते. मी जिने उतरले, चढले, धापा टाकत दुसरी प्रत दिली. तिने शिक्का मारला आणि लगेच साहेबांना चिठ्ठी लिहिली : अर्जदार माझे वडील आहेत, निर्णय दुसऱ्या कुणी घ्यावा. मला तिचा जितका राग आला होता, तितकाच अभिमानही वाटला.

साहेबांनी खाली येऊन सायकल पाहिली, तिच्यावरून आवारात एक फेरी मारली आणि भिंतीवर जाऊन आदळले. आजोबा खूश झाले. दोन महिन्यांनी कायदा छापून आला, त्यात रुंदी नव्वद होती.

त्यानंतरच्या सकाळी आजोबा घंटी वाजवत सायकल मार्गावर शिरले. मावशी अठरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच उशिरा पोचली. उशीर झाला की हजेरीच्या वहीत कारण लिहावं लागतं, आणि साहेबांना त्याखाली सही करावी लागते. तिथे सगळे "गाडी चुकली" असं लिहितात. मावशीने लिहिलं, "वडील वळणाआड जाईपर्यंत रस्त्यावर उभी होते."