भाऊजींच्या धुळीच्या काचा

धुळीवर इतका जीव लावणारा दुसरा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात नसेल, आणि तो नेमका माझ्या ताईच्या, म्हणजे दिवसातून चारदा केर काढणाऱ्या बाईच्या वाट्याला आला. भाऊजी दिग्रसच्या शाळेत विज्ञान शिकवत. साठ सालच्या सुमारास मीही तिथेच प्राथमिक शाळेत मास्तरीण होते आणि ताईकडे राहत होते, त्यामुळे हा संसार मी जवळून पाहिला. भाऊजी काचेच्या पट्ट्यांना एरंडेल चोपडून त्या कपाटावर, कौलांवर, एकदा तर थेट देव्हाऱ्यात ठेवत आणि आठवड्याने शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरत. छपरातून उन्हाचा कवडसा उतरला की भाऊजी त्यातली धूळ दाखवू लागत आणि पाहुण्यांचा चहा निवायचा. "पाहा, जाड कण लवकर खाली बसतो. बारीक कणाला हवा बसू देत नाही, टोलवत राहते. त्याहून बारीक असतो तो दिसतच नाही, सरळ छातीत जातो." पाहुणे श्वास रोखून ऐकत, आदराने नव्हे, भीतीने. ताई म्हणायची, "लोकायचे नवरे घर झाडाले सांगतात, माहा नवरा झाडू नको म्हणते."

शेजारच्या यमुनाबाई कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होत्या. सुट्टीनंतर कामावर गेल्या की त्यांची छाती आवळून यायची, मग दिवसभर खोकला. भाऊजींनी एक काच त्यांच्याबरोबर जिनात पाठवली. संध्याकाळी ती परत आली तेव्हा तिच्यावर तंतूंची चक्क गोधडी पसरली होती. भाऊजी काच आणि सूक्ष्मदर्शक घेऊन जिनाच्या मॅनेजरकडे गेले आणि यमुनाबाईंच्या खोकल्याचं सांगितलं. मॅनेजरांनी डोळा लावला आणि ते कौतुकाने म्हणाले, "झकास दिसून राह्यलं मास्तर. पण जिनात कापूस नाही उडन तर काय उडन?" नंतर हंगामात दर महिन्याला भाऊजी नवी काच नेत आणि मॅनेजर दर महिन्याला चहा पाजत. अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी निघता निघता भाऊजी म्हणाले, "हवेत इतकी बारीक धूळ तरंगत असली, की एका ठिणगीनं सारा जिन पेटू शकते." मॅनेजरांनी कप खाली ठेवला. पंधरा दिवसांत भिंतीला वर झरोके पडले, धूळ बाहेर ओढणारे दोन मोठे पंखे बसले आणि मॅनेजरांनी आपल्या दूरदृष्टीबद्दल गावात हारही घालून घेतला.

यमुनाबाईंचा खोकला कमी झाला, गेला मात्र नाही. "आता इहिरीवरून घागर आणतो, रस्त्यात मंधात बसा नाही लागत," असं त्या ताईला सांगत.

पुढे भाऊजींची पुसदला बदली झाली. मी दिवाळीला तिथे गेले असताना यमुनाबाई गेल्याचं पत्र आलं. ताईने ते वाचून दाखवलं. भाऊजी जेवायला उठले नाहीत. मी बोलवायला गेले तेव्हा ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आगीचं मले पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. बाईच्या खोकल्याचं सांगितलं तर पुरे होईल, असं वाटलं होतं."