कादरभाई पेंटर आणि आमच्या फाट्यावरचा बोर्ड

सगळ्यात आधी धावत आली ती आमच्या शेजारची कमल. हात पिठाचेच. "बाई, चाला लवकर! कादरभाऊचा बोर्ड काढून राह्यले!" तिच्या मागून तिचा नवरा, त्याच्या मागून अख्खी गल्ली. पण कादरभाईंच्या पंचाहत्तरीच्या पुस्तकासाठी बोलून लिहून घ्यायचं, तर आधी ओळख कशी झाली ते सांगावं लागेल. कादरभाई मूल गावचे पेंटर. रस्त्याचे बोर्ड रंगवण्यात त्यांची हयात गेली. पुस्तक निघतंय याचा मला फार आनंद आहे. ओळख मात्र आनंदाची नाही.

आमच्या फाट्यावर रस्ता मोठा झाला, मध्ये दुभाजक आला आणि तिथे एक बोर्ड लागला. लाल गोल, आत विळ्यासारखं वाकडं काळं, वरून तिरपी लाल रेघ. आमच्याकडे जंगलाच्या वाटेवर सगळीकडे हे तोडू नका, ते कापू नका असेच बोर्ड असतात. मीच आमच्या ह्यांना सांगितलं, "गवत कापाची बंदी झाली दिसते. इळा लपवून आना." त्यांनी ऐकलं. विळा पोत्यात घातला, पोतं लुनावर बांधलं आणि त्या बोर्डाच्या खालीच लुना वळवली. मागून धानाचा ट्रक येत होता.

तिसऱ्या दिवशी एक अनोळखी माणूस दारात उभा. बोटांना लाल रंग. "बाई, तो बोर्ड मी रंगवला. भाऊंले दिसला नाई का?"

"दिसला नं भाऊ. म्हनून तर इळा लपवला."

त्यांना आधी कळेना. मग मी पोतं दाखवलं. ते अंगणात मातीतच बसले. तिथून वळायचं नाही एवढंच तो बोर्ड सांगत होता, हे मला त्या दिवशी त्यांच्याकडून कळलं.

चूक त्यांची नव्हती. वरून आलेलं चित्र त्यांनी जसंच्या तसं काढलं होतं. पण पंधरा दिवसांनी ते स्वतःच्या पत्र्यावर दुसरा बोर्ड रंगवून घेऊन आले, जुन्याच्या खाली लावायला. वळणारी लुना, मागे ट्रक, खाली आडवा माणूस. "काय दिसते, बाई?"

"मानूस झोपला दिसते. उन्हाचा."

एवढ्या दुःखातही कमल फिसकन हसली. कादरभाईंनी रागावण्याऐवजी टर्पेंटाइनने तो माणूस पुसला. मग पुढचा पेट्रोल पंप काढला, आणि पंपाजवळ वळणारी लुना हिरव्या रंगात. ते मला वाचल्याशिवाय कळलं: इथे नाही, तिथे वळायचं. तो बोर्ड लागला त्या दिवसापासून फाट्यावर वळताना कोणी जिवानिशी गेलं नाही.

तेव्हापासून कादरभाईंची रीतच झाली. कोणताही बोर्ड आधी न शिकलेल्या माणसाला दाखवायचा. जिवतीच्या बाजारात अर्धा रंगवलेला बोर्ड मांडीवर घेऊन बसायचे आणि डोंगरातून आलेल्या बायांना विचारायचे. "पेंटर असून तुमालेच समजत नाई का?" अशी थट्टा व्हायची. ते म्हणायचे, "मले समजून काय उपयोग?"

आमच्या ह्यांच्या पुण्यतिथीला ते दरवर्षी येतात. आम्ही विहारात वंदना घेतो तोवर ते फाट्यावर बोर्ड पुसतात. त्याशिवाय चहाला हात लावत नाहीत. आता डावा डोळा गेला आहे, उजव्यात धूसर दिसतं. तरी बोटाने रेघ चाचपून पुसतात.

तर कमल धावत आली त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा कादरभाई आधीच तिथे होते, काठी टेकून. रस्ते खात्याचे साहेब त्यांना समजावत होते, "आजोबा, नियमात असं चित्र बसत नाही. नवा चमकणारा लावतो." नवा पत्रा गाडीला टेकवून ठेवला होता. तोच लाल गोल, तोच विळा.

कादरभाई म्हणाले, "लावा नं साहेब, नियमाचाच लावा. पन खाली माया हा बोर्ड राहू द्या. इथी एक मानूस गेला."

साहेब जुन्या बोर्डाच्या जवळ गेले. मग त्यांनी फोटो काढला. "वर विचारतो," म्हणाले.

कादरभाई, तुमचा उरलेला डोळा शाबूत राहो, हात न थरथरो. अजून खूप वर्षं कोणत्या ना कोणत्या बाईसमोर बोर्ड धरून विचारत राहा, काय दिसते म्हणून. मी असेन तोवर मी सांगीन.

चारातले दोन नट साहेबांच्या माणसांनी आधीच काढून ठेवले होते. कादरभाईंचा बोर्ड उरलेल्या दोनांवर लोंबतो आहे. साहेब शुक्रवारी येतो म्हणाले.