रिकामी खुंटी

रंगाच्या कारखान्यातल्या टाक्या घासण्यात मामांची तीस वर्षं गेली. हाताखाली येईल त्याला ते पहिल्याच दिवशी बजावत, "जो आत उतरतो, त्याचा बिल्ला खुंटीवर असतोच. खुंटी रिकामी, म्हणजे आत कुणी नाही. मग खुशाल झाकण लावायचं. कानांचं ऐकायचं नाही, रिकामी टाकीसुद्धा घुमते."

आज तळाशी वाकताना त्यांच्या मांडीला काहीतरी टोचलं. त्यांनी खिशात हात घातला. बिल्ला खिशातच होता.

तेवढ्यात वरचा उजेड अर्धा झाला. मामा शिडीकडे धावले, पण ओल्या तळावर घसरून पडले. जिवाच्या आकांताने ते बिल्ल्याने पत्रा बडवू लागले.

वरून नव्या कामगाराचा आवाज आला, "दादा, आत कुणीतरी ठोकतंय!"

"खुंटी बघ," त्यांचा भाचा म्हणाला.

"रिकामी आहे."

"मग आत कुणी नाही. ढकल झाकण. मामांचं गणित कधी चुकत नाही."

गणित आजही चुकलं नव्हतं. फक्त त्यातलं पहिलंच वाक्य मामांनी सकाळच्या घाईत खोटं पाडलं होतं, आणि ते ठाऊक असलेला एकमेव माणूस आत होता.