काकूचा अबोला आणि सात दिवसांच्या गोळ्या

नातवंडांनो, हे तुम्ही मोठे झाल्यावर सांगायचं असं मी ठरवलं होतं. तुम्ही केव्हाच मोठे झालात, मीच टाळत राहिले. तुमची लांजीची काकू, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची सून, हिने मला लिहायची परवानगी दिली आहे. "लिहा मावशी, पण माहं नाव नका टाकू." म्हणून मी कुणाचंच नाव टाकत नाही.

दिवाळीत ती मला हळूच म्हणाली होती, की अंगावरून जास्त जातं आणि वास येतो. मी लगेच उपाय सांगितला: पाण्यात जंतुनाशकाची दोन झाकणं टाक आणि आतून स्वच्छ धू. माझ्या घरात फरशीपासून फळांपर्यंत सगळं धुतलेलं असतं, हे तुम्हाला माहीत आहेच.

थंडीत ती बालाघाटला माझ्याकडे आली. चार दिवसांसाठी आलेली ती दोन आठवडे झाले तरी जायचं नाव घेईना. नवरा नागपूरला नोकरीला. त्याचा फोन आला की ही बाहेर कपडे वाळत घालायला जायची, वाळलेले असले तरी. दिवसातून चार वेळा न्हाणीत जायची. शेवटी मी दार लावून तिला समोर बसवलं.

"पातळ, राखी रंगाचं जाते," ती म्हणाली. "आन् मासोळीवानी वास. धुतलं का आणखी वाढते. ते घरी आले का तर लयच."

"ते म्हणजे?"

"तुमचा भाचा. त्यायनंच आणलं नागपूरहून. मले नाही राह्यचं त्यायच्या संगं. भाऊ येत्या रविवारी येऊन राह्यला मले माहेरी न्यायले."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"काय दाखवू? भिंतीवर लिवलं राह्यते ना, गुप्तरोग. तसलं हाय माहं."

मी आयुष्यभर इंग्रजी पुस्तकं वाचली, पण या विषयावर एक ओळ वाचली नव्हती. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी तिला रिक्षात घालून एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या हिंदीत बोलल्या. त्यांचं बोलणं मी बहुतेक मराठीत लिहिते. त्यांनी तपासलं, स्राव एका कागदी पट्टीला लावून रंग पाहिला, काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मग विचारलं, "धुण्यासाठी काय वापरता?" काकूने सांगितलं.

"किसने बताया?"

काकू छताकडे पाहू लागली.

"मैंने," मी म्हटलं.

"आँटीजी, आप तो पढ़ी-लिखी लगती हैं."

याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात, त्या म्हणाल्या, आणि हे फार बायकांना होतं. योनीत चांगले जिवाणू असतात, ते तिथे थोडा आंबटपणा राखतात. ते कमी झाले की दुसरे माजतात. आतून धुतलं, त्यातही जंतुनाशकाने, की चांगलेच आधी धुऊन निघतात. नेमकं कशाने सुरू झालं ते सांगता येत नाही, पण जंतुनाशकाच्या बाटलीने भर घातली असणार.

"मंग दही लावू का आतून?" काकूने विचारलं.

"दही कढीला ठेव."

मग काकूने खाली मान घालून खरा प्रश्न विचारला, हे नवऱ्याने बाहेरून आणलं का. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. वीर्याने तिथला आंबटपणा काही वेळ कमी होतो, म्हणून संबंधानंतर वास जास्त जाणवतो. संबंधांशी या आजाराचं नातं आहे, पण त्यावरून नवरा बाहेर कुणाकडे गेला असं कुणीही म्हणू शकत नाही. तरी मनात किडा राहू नये म्हणून त्यांनी बाकीच्या तपासण्याही लिहून दिल्या.

सात दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव येते म्हणे. वास तिसऱ्या दिवशीच गेला आणि काकू गोळ्या सोडायला निघाली. मी समोर उभी राहून कोर्स पुरा करवला. हे पुन्हा उलटू शकतं. उलटलं, किंवा पोटात बाळ असताना झालं, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरकडे जायचं. वारंवार होत असेल तर नवऱ्यालाही औषध देण्याचा विचार करतात. एरवी बाहेरून साधं पाणी पुरे. सुगंधी साबण, पावडर काही नको. आणि थोडा पांढरा स्राव हा आजार नसतो. नातवांनो, तुम्हीही हे वाचा. तुमच्याही घरी बायका असतील.

तपासण्यांचे कागद त्याआधीच, मंगळवारी आले होते. सगळं ठीक होतं. काकूने ते मला दोनदा वाचायला लावले आणि मग ती पदर तोंडाला लावून इतकी रडली, की मला वाटलं मीच काही चुकीचं वाचलं. मग तिने नवऱ्याला फोन केला, तोही स्पीकरवर. एकटीने ऐकायची हिंमत नव्हती.

"तुमच्यावर शक घेतलता म्यां," ती म्हणाली आणि सगळं सांगितलं.

तिकडून भाचा म्हणाला,

"म्हणजे मी इथं रोज खिचडी खाऊन राह्यलो, आन् तुले वाटे मी मजा करून राह्यलो?"

"हौ."

"विचारलं काहून नाही मले?"

"भेव वाटे. तुमी हौ म्हटलं असतं तं?"

तो रागावला होता, आवाजात कळत होतं. तरी रविवारी सुट्टी काढून आला. भाऊही ठरल्याप्रमाणे आला, जेवला, बहिणीची पिशवी कुठे आहे म्हणून विचारलं, आणि संध्याकाळच्या बसने एकटाच परत गेला.